वनमालाची फोनपिशवी

वनमाला,

तुझ्या गावाची यशोगाथा लिहून द्या, असा खात्याकडून निरोप आलाय मला. लहान मुलांच्या फोनबद्दल पालकांना कसं जागं केलं, गाव कसं पुढं आलं, दोन पानांत, फोटोसह. मी उलट कळवलं, यशोगाथा मला जमत नाही. वनमालाला पत्र लिहीन, हवं तर तेच छापा. तू आता निवृत्त होऊन कडा गावात लेकीकडे आहेस, दुपारची झोपतेस म्हणे. झोप. आयुष्यभर राहिलेली झोप आहे ती. हे वाचलंस की म्हणशील, "बाई, मला ठावूक असलेलं मलाच कावून सांगता?" तुला ठाऊक आहे, पण छापलं तर वाचणाऱ्यांना नाही. त्यांच्यासाठी तुझंच तुला सांगते. मधे बोलू नकोस.

बारावी होऊन तू सून म्हणून या गावात आलीस. पाटोद्याच्या अलीकडचं गाव, अर्धं गाव दसरा झाला की ऊस तोडायला जाणारं. नवरा पिठाची गिरणी चालवायचा, कमी बोलायचा आणि तसाच न बोलता एक दिवस गेला. त्याआधीच तू अंगणवाडीत लागली होतीस. समाजमंदिराच्या ओट्यावर सुरू झालेली तुझी अंगणवाडी पुढं दोन खोल्यांत गेली, वर पत्रे, पुढं लिंब. मुलांना शिकवणं हे तुझं काम असं लोक म्हणतात. पोरांची वजनं घे, गरोदर बायांच्या याद्या कर, लसीच्या दिवशी घरोघर हिंड, मतदारयादीचं काम आलं की तेही तूच. गावातली जनावरं मोजायची पाळी तेवढी आली नव्हती.

मी तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू अंगणवाडीच्या कट्ट्यावर चढून फोन आभाळाकडं धरला होतास. खिचडीचा रोजचा फोटो वर खात्याला जात नव्हता. खाली पोरं ताटल्या घेऊन बसलेली आणि तुझी मदतनीस बायनाबाई त्यांना सांगत होती, "थांबा रे, ताईंचा फोटू गेल्याबिगर कुनी तोंड लावू नका." मला हसू आलं आणि रागही आला. बीडला कॉलेजात बालविकास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. मुलाला जेवताना फोन नको हे मी वर्गात फळ्यावर लिहून देत असे. इथं सरकारच मुलांना फोनसाठी ताटकळत ठेवत होतं.

निवृत्त होऊन मी पाटोद्याला राहत होते, तिथून खात्यानं मला तुझ्याकडं पाठवलं होतं ते एका उपक्रमासाठी. 'तीन ते सहा वयोगटातील बालकांच्या पालकांचे डिजिटल माध्यम शिक्षण.' नाव एवढं लांब, की म्हणून होईस्तोवर पोरगं दुसरा व्हिडिओ लावतं. माझ्याजवळ तक्ते होते, पत्रकं होती. तू ती पिवळी पत्रकं हातात घेतलीस, दोन्ही बाजूंनी पाहिलीस आणि म्हणालीस, "बाई, हे पालकांसाठी हाय. पालक कुठून आणू?"

पहिल्या पालकसभेला दोन पुरुष आले. एक विजयसिंह. वडील सरपंच होते, दारात गाडी, गाडीवर झेंडा. तो आला, माझ्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेतला आणि तिथल्या तिथं स्टेटसला टाकला. मग म्हणाला, "मॅडम, आमची संस्कृती चार वर्षांची, पण सगळे कलर इंग्लिशमधून म्हणते. टॅबच आणलाय तिला. तुम्ही तर बंद करा म्हणता."

"टॅबशी बोलते. तुमच्याशी काय बोलते?" मी विचारलं.

"मी घरी असतो कुठं?" तो हसून म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसरा राधाकिशन, पाटोद्याला बँकेत नोकरीला. त्याला आकडा पाहिजे होता. "मिनिटं सांगा फक्त. चाळीस का साठ? मी अलार्म लावतो."

तू पोरांची नाकं पुसता पुसता बोललीस, "अलार्म फोनातच लावनार न्हवं भाऊ?"

राधाकिशननं हातातला फोन खिशात ठेवला. विजयसिंहाला मात्र चेव आला. "ताई, आमाला सांगता, आन तुमचा फोन तर हातातून सुटत न्हाई. आधी तुमचा ठेवा की बाजूला."

ते तुला लागलं, मी पाहिलं. ते बोलणं पुढं किती महाग पडणार होतं, ते तेव्हा ना तुला कळलं ना मला.

आता सौरभचं सांगते, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे. चार वर्षांचं पोरगं. आई यशोधरा, बाप शहादेव, दोघं सांगलीकडं उसाच्या फडावर. पोरगं आजीजवळ, सरूबाईजवळ, बौद्धवस्तीच्या टोकाच्या घरात. निघताना शहादेवनं जुना मोठा फोन घरी ठेवला होता, पोराचं तोंड दिसावं म्हणून. पण दिवसभर आजी शेळ्यांमागं, आणि पोरगं फोनमागं. ते मुकं नव्हतं. बोलायचं, पण कार्टूनमधलं हिंदी. बायनाबाईला म्हणायचं, "चलो दोस्तो, पानी लाओ." अंगणवाडीतून घरी जाताना दारात उभं राहून हात हलवायचं, "लाइक करना मत भूलना." बाकीची पोरं फिदीफिदी हसायची आणि तू त्यांना दटावायचीस.

यशोधराचा फोन यायचा तो दिवेलागणीनंतर. फडावर पहाटेपासून तोड, मग मोळ्या वाहा, गाडी भरा. फोन नवऱ्याजवळ, तोही कुणाच्या तरी कोपीत, पाचटाच्या झोपडीत, चार्जिंगला. तिला मोकळीक ती तेवढीच. आणि नेमका त्या वेळी पोरगं कार्टून बघत असायचं. आईचा फोन आला की चित्रावर बापाचं नाव यायचं, चित्र झाकायचं. पोरगं लाल खुणेवर बोट ठेवायचं. आई गेली, चित्र परत आलं. त्याच्या लेखी माशी हाकलल्यासारखं होतं ते.

यशोधरानं तुला फोन केला तेव्हा मी तुझ्याजवळच बसले होते. "जयभीम ताई," म्हणाली. मग म्हणाली, "माझं लेकरू मला कट करतंय. कावून करतंय? म्या त्याला काय केलं? ह्याच्यापरीस फडावर घिऊन येते त्याला. माझ्या डोळ्यापुढं तरी राहील."

तू तिला म्हणालीस, "थांब. उसात कोयत्यामधी पोरगं नको आणू. मला थोडा येळ दे. पाडव्याला तू येशील तवा पोरगं तुला आई म्हनल, ह्ये माझं बोलनं हाय."

वनमाला, असा शब्द देऊ नये. मी तुला तिथंच सांगितलं. तू म्हणालीस, "न देऊन काय करू? फडावर गेलेलं पोरगं परत बाराखडीला येत न्हाई, बाई. म्या लई बगितलेत." तुला काय हवं होतं ते मला त्या दिवशी स्वच्छ कळलं. उपक्रम गेला चुलीत, तुला ते एक पोरगं गावात ठेवायचं होतं.

सभेला बाया येत नाहीत म्हणून तू सभा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडलीस. युक्ती चांगली होती. जुन्या साड्यांच्या काठांच्या तू पिशव्या शिवल्यास, फोन बसेल एवढ्या, वर ओढायला नाडी. वाण म्हणून प्रत्येकीला एक. प्लास्टिकच्या वाट्यांपेक्षा बरं, असं बाया म्हणाल्या. खोली भरून बाया आल्या. तू स्वतः विधवा, म्हणून कुंकू लावायला त्यांच्यातलीच एक पुढं झाली. विजयसिंहाची बायको नवी पैठणी नेसून आली, संस्कृतीला टॅबसकट घेऊन. मी चांगली तासभर बोलले. मुलाच्या शेजारी बसून बघा, बघितल्यावर विचारा, दिवा लागल्यापासून जेवण होईस्तोवर फोन पिशवीत ठेवा, पण वाजला तर घ्या, घरचं माणूस बोलत असेल तर मुलाशी बोलू द्या, ते बघणं वेगळं आणि हे वेगळं. शंका विचारल्या, मी उत्तरं दिली. बायांनी हात पुढं करून शपथ घेतली. तूही घेतलीस, सगळ्यांसमोर, विजयसिंहाच्या बायकोकडं बघत, "आजपासून माजा फोनबी संध्याकाळी पिशवीत." टाळ्या पडल्या. फोटो वर गेला, कधी नव्हे तो पहिल्या झटक्यात. वरून शाबासकी आली.

बायनाबाई सगळा वेळ आतल्या खोलीत चहा करत होती. ती विधवा, ती बाहेर कशाला येईल? कपबश्या विसळताना म्हणाली, "बाया लई आल्या ताई. पर पोरं ज्यांच्याजवळ हायत त्या कुटं आल्या?"

खरंच होतं ते. ज्यांच्या मुलांचे आईबाप फडावर, त्या घरी आज्या. त्यातल्या बहुतेक कपाळाचं कुंकू गेलेल्या. त्यांना हळदीकुंकवाला कोण बोलावणार? सरूबाईला तर कुणीच बोलावलं नव्हतं. एक तर विधवा, त्यात वस्तीतली, आणि वस्तीतल्या बाया आता हळदीकुंकू करतही नाहीत. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोळ्यांपुढची गोष्ट, पण पालक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं हिरव्या बांगड्याच आल्या.

दुसऱ्या दिवशी तू उरलेल्या पिशव्या घेऊन आज्यांकडं निघालीस. मी सरूबाईच्या घरापर्यंत तुझ्यासोबत होते. सरूबाई अंगणात शेळीच्या पायातला काटा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "या. बसायला काय न्हाई, उभ्याच ऱ्हावा."

मी पत्रक काढून सुरुवात केली. मुलाच्या सोबत बसून बघावं, असं म्हणाले.

"सोबत बसाया येळ आस्ता," ती म्हणाली, "तर फोन कावून दिला आस्ता?"

शेळीनं पाय झटकला. मी पत्रक पर्समध्ये ठेवलं. पण तू सोडलं नाहीस. "मामी, शेळ्या बांदल्यावर चा पिता न्हवं? तवा त्याच्याजवळ बसा. तुमाला हिंदी कळतंय का?"

"मला काय कळतंय? निजामाच्या वक्ताला माझा सासरा बोलत व्हता."

"मग पोराला इचारा, ते काय म्हनतंय. त्याला सांगू द्या."

एवढंच. आणि ते लागू पडलं. चहाच्या वेळी सरूबाई त्याच्याजवळ बसायची आणि "ह्ये कोल्हं काय म्हंतंय रं?" म्हणायची. पोराला आधी राग यायचा. मग ते सांगायला लागलं. आजीला हिंदी येत नाही म्हटल्यावर सांगावं लागलं ते मराठीतच. पंधरवड्यात ते अंगणवाडीत बायनाबाईला म्हणालं, "अजून खिचडी वाढ की." बायनाबाई पळत तुला सांगायला आली. तुझा चेहरा मी त्या दिवशी पाहायला हवा होता, पण मी पाटोद्याला होते. फोनवर तू एवढंच म्हणालीस, "बाई, वाढ म्हनलं."

पण सरूबाईच्या दारात आणखी एक गोष्ट झाली होती. तुझा फोन वाजला होता, पर्यवेक्षिकेचा. कुठलीशी माहिती तासाभरात भरून पाहिजे. तुला पुढं आणखी घरं करायची होती. तू सरूबाईच्या हातात पिशवी दिलीस आणि घाईनं सांगितलंस, "मामी, दिवा लागला की फोन पिशवीत. शपत हाय बरं का." आणि आपण निघालो. हळदीकुंकवाच्या बायांना तासभर समजावलेलं, ज्यांच्याकडं वेळच वेळ होता त्यांना. सरूबाईच्या वाट्याला एक वाक्य आलं, त्यातलं 'पण वाजला तर घ्या' गळालेलं.

सगळ्या गावानं ती शपथ घेतली, पाळली कुणी? विजयसिंहाच्या घरी पिशवीत लवंगा ठेवल्या होत्या. राधाकिशनच्या बायकोनं ती मुलीच्या बाहुलीला दिली. सरूबाईनं पाळली. पोरगं बोलायला लागलंय म्हटल्यावर तिचा तुझ्यावर एवढा विश्वास बसला, की दिवा लागला की ती शेजारच्या पोराकडून फोन पुरता बंद करून घ्यायची, पिशवीत घालून नाडी आवळायची आणि बुद्धाच्या फोटोखालच्या खुंटीला अडकवून द्यायची. सकाळपर्यंत. पोरगं आधी रडायचं, मग आजीच्या कुशीत शिरून गोष्टी सांगायचं. गावातली सगळ्यात चांगली पालक ती निघाली.

आणि तिकडं फडावर यशोधरा रोज दिवेलागणीला फोन लावत होती. फोन बंद. मग तिनं तुला लावला. तुझाही पिशवीत. सकाळी तू पिशवी उघडून न घेतलेले फोन बघायचीस, त्यात पर्यवेक्षिकेचे, आरोग्यवाल्यांचे, आणि मधेच शहादेवचा नंबर. तू लगेच लावायचीस, पण तेव्हा ती दोघं उसात, फोन कोपीत. दोनदा लावलास, मग मुलं आली, मग वजनं, मग विसरलीस. असं आठवडाभर चाललं.

ती आली तेव्हा पोरं जेवायला बसली होती. मीही त्या दिवशी आले होते, पुढच्या सभेचं ठरवायला. दारात यशोधरा उभी राहिली. उसाच्या पातीनं हात चिरलेले, डोक्याला बांधलेला रुमाल तसाच. चप्पल न काढता आत आली. पोरगं दिसलं तशी भिंतीला टेकून खाली बसली.

"म्या काय समजायचं ताई?" ती म्हणाली. "रोज फोन बंद. तुमी उचलंना. म्हातारी मेली म्हनावं, का पोरगं? इचारायला कुनी न्हाई. एसटीत घास गेला न्हाई नरड्याखाली."

तू तिच्यापुढं उकिडवी बसलीस आणि पिशवीचं सगळं सांगितलंस. हळू सांगितलंस, काही न लपवता. मी मधे बोलायला गेले तर हातानंच थांबवलंस मला.

यशोधरानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी मलाच पिशवीत घातलं की तुमी."

तेवढ्यात सौरभनं ताटलीतून मान वर केली आणि बायनाबाईला ठणकावून सांगितलं, "ती माझी आई हाय." मराठीत. आईकडं बघत. तू दिलेला शब्द पाडव्याच्या आधीच पुरा झाला, आणि त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

तिनं त्याला नेलं. संध्याकाळच्या गाडीनं. सरूबाई रडली नाही, तिनं पोराचे कपडे बांधून दिले. तू बसस्टॉपपर्यंत गेलीस, वाटेत समजावत. "यशोधरा, बोलाया लागलंय ते. आता कुटं नीट झालंय. फडावर अंगनवाडी न्हाई."

"फडावर म्या हाय, ताई," ती म्हणाली. "तुमच्यावर राग न्हाई. पर आता फोनवर भरवसा बी न्हाई."

चूक कुणाची, हे मी इथं ठरवत बसणार नाही. तुझी नाही एवढं मात्र मी लिहून देते, कारण तू स्वतःला दोष देत बसायचीस, तेही काम करता करता. यादी करताना हात थांबायचा आणि म्हणायचीस, "एक वाक्य आनखी बोलले आस्ते तर." आपण पालकांना माध्यम शिकवायला निघालो, आणि ज्या घरात फोन म्हणजे आई, त्या घराला काय शिकवायचं हे ना पत्रकात होतं ना माझ्या पुस्तकात. विजयसिंहासाठी एक बोलणं पाहिजे, राधाकिशनसाठी दुसरं, सरूबाईसाठी तिसरं, आणि सांगलीकडच्या फडावर बसलेल्या यशोधरासाठी चौथं. एवढी बोलणी करायला एक वनमाला, आणि तिला दिवसातून दोन फोटो वर चढवायचे. विजयसिंह मला नंतर बीडला भेटला. "मॅडम, आपल्या गावात एकदम सक्सेस झालं," म्हणाला. मी त्याला चांगलंच सुनावलं. तो हसला. त्याला लागत नाही.

पुढं यशोधराचा फोन आला तुला एकदा. पोरगं बोलतंय, म्हणाली, बैलाशी सुद्धा बोलतंय. फडावर दहा-बारा पोरं आहेत, बाया उसात गेल्या की एका मोठ्या पोरीजवळ एक फोन आणि सगळी त्याच्याभोवती. ऐकून तू डोळे मिटलेस. मग मला म्हणालीस, "बाई, फडाजवळच्या गावात अंगनवाडी आसंलच. तिथल्या ताईनं मनावर घेतलं तर सौरभला बसवून घील, बाकीच्या पोरांनाबी. फोनवर हे काम व्हायचं न्हाई, समोर बसून बोलावं लागतंय. म्या एकटी गेले तर ती ऐकायची न्हाई. तुमी चला. तुमच्या बोलन्याला वजन हाय."

मी हो म्हटलं. पाटोद्याच्या स्टँडवर चौकशी केली, गाडी जामखेडला बदलायची, पुढं आणखी एकदा. यशोधरालाही एक दिवस बसवून तिच्याशी नीट बोलायचं, असं तू ठरवलं होतंस. रविवार ठरला. त्या रविवारी तुला मतदारयादीचं काम लागलं. पुढच्याला माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया निघाली. नंतर तू म्हणालीस, मार्चअखेरची माहिती भरून होऊ दे. मग कारखाना बंद झाल्याचं कळलं, फड उठला, यशोधरा-शहादेव गावाकडं न येता वीटभट्टीवर गेले असं सरूबाईनं सांगितलं. कुठल्या, ते तिला सांगता आलं नाही. तू निवृत्त झालीस, कड्याला गेलीस. मी अजून पाटोद्यालाच आहे. फडाजवळच्या त्या गावच्या ताईला भेटायला आपण गेलो नाही.